पॉइंट टू-टूची गोळी कोल्ह्यासाठी पुरेशी असते का?

पोलोग्राउंड, इंदूर : अमेरिकेतील पशुपालक आणि शिकारी गेली अनेक दशके एका प्रश्नावर वाद घालत आले आहेत. ‘.२२ रिमफायर’ या छोट्या काडतुसाने कायोटी मारता येतो का, आणि येत असेल तर ते काडतूस त्या कामास पुरेसे म्हणावे का? कायोटी हा उत्तर अमेरिकेतील श्वानकुळातील प्राणी. तो भारतात आढळत नाही. मात्र त्याच कुळातील, आकाराने थोडा लहान आणि स्वभावाने बराचसा तसाच असलेला सोनेरी कोल्हा आपल्या शेतशिवारात सर्वत्र आहे. त्यामुळे प्रश्न परका वाटला, तरी त्याचे उत्तर आपल्या कामाचे आहे.

हा प्रश्न इंदूरमधून पाहण्यास एक कारण आहे. शहराच्या मध्यावरील पोलोग्राउंड आज औद्योगिक वसाहत आणि पश्चिम मध्य प्रदेशच्या वीज वितरण कंपनीचे मुख्यालय म्हणून ओळखले जाते. घोड्यांवरील त्या जुन्या खेळाची आठवण आता केवळ नावात उरली आहे. येथून शहराबाहेर रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे ‘शिकारगाह’ उभे आहे. ज्या रानात संस्थानिकांची शिकार चालत असे, ते १९८९ पासून अभयारण्य आहे. दुसऱ्या दिशेला, वीस-पंचवीस किलोमीटरवर, महूच्या छावणीत लष्कराचे नेमबाजी पथक सराव करते आणि त्यातील काही प्रकारांत याच पॉइंट टू-टूच्या गोळ्या झाडल्या जातात. सभोवार माळव्याच्या काळ्या मातीची शेते आहेत आणि त्या शेतांत कोल्हे आहेत. शिकारीचा भूतकाळ, नेमबाजीचा वर्तमान आणि प्रत्यक्ष प्राणी हे तिन्ही एकाच जिल्ह्यात असल्याने प्रश्नाच्या सर्व बाजू येथे एकत्र तपासता येतात.

गोव्याच्या वाचकालाही हा विषय दूरचा वाटू नये. काजूच्या बागायतीत माकडे, भातशेतीत रानडुकरे आणि कुळागरांत गवे शिरू लागले, की ‘शेतकऱ्याला बंदूक चालवू द्या’ ही मागणी पुढे येते. परसातल्या कोंबड्या एका रात्रीत नाहीशा झाल्या, की त्या यादीत कोल्ह्याचेही नाव चढते. अशा वेळी ‘लहानशी बंदूक पुरेल’ असे कोणी सुचवले, तर त्या ‘पुरेल’ या शब्दात काय काय दडलेले असते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कोल्हा, खोकड आणि कायोटी

प्रथम नावांचा गोंधळ दूर करावयास हवा. इंग्रजी बालकथांच्या अनुवादांमुळे ‘फॉक्स’ला कोल्हा म्हणण्याची सवय आपल्याला लागली. वस्तुतः ज्याची कोल्हेकुई आपण ऐकतो तो कोल्हा म्हणजे इंग्रजीतील ‘जॅकल’. ‘फॉक्स’ कुळातील आपला प्राणी म्हणजे खोकड. तो कोल्ह्याहून बराच लहान असून त्याच्या शेपटीचे टोक काळे असते. माळरानावर हे दोन्ही प्राणी दिसतात आणि रात्रीच्या बॅटरीच्या उजेडात अनेकांना त्यांतील फरक कळत नाही.

प्रौढ सोनेरी कोल्ह्याचे वजन साधारणतः ७ ते ११ किलो असते. कायोटी बहुधा ९ ते १६ किलोंचा असतो आणि अमेरिकेच्या पूर्व भागात त्याहूनही मोठे नर आढळतात. दोघेही जोडीने राहतात, पिलांचे संगोपन मिळून करतात आणि मिळेल ते खातात. कोल्ह्याच्या आहारात उंदीर, घुशी, कीटक, मेलेली जनावरे, बोरे, टरबुजे, कोवळी कणसे आणि ऊस असे सर्व काही येते. खारफुटीच्या कडेने राहणारे कोल्हे खेकडेही पकडतात. थोडक्यात, कायोटीसाठी जे काडतूस अपुरे ठरेल ते कोल्ह्यासाठी थोडे कमी अपुरे ठरेल. दोघांच्या शरीरात याहून मोठा फरक नाही.

रिमफायर म्हणजे नेमके काय?

बंदुकीच्या काडतुसात चार वस्तू असतात : पुढची गोळी, तिला ढकलणारी दारू, दारू पेटवणारे स्फोटक मिश्रण आणि या सर्वांना धरून ठेवणारी धातूची नळकांडी. मोठ्या रायफलींच्या काडतुसात पेटवणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवलेले असते. त्याला ‘सेंटरफायर’ म्हणतात. रिमफायरमध्ये अशी वेगळी टोपी नसते. नळकांडीच्या बुडाची कड पोकळ ठेवून त्या पोकळीतच मिश्रण भरलेले असते. चाप ओढल्यावर बंदुकीची सुई या कडेवर आघात करते, कड चेपते आणि मिश्रण पेट घेते.

ही रचना सोपी आणि स्वस्त आहे. पण तिच्यातच तिची मर्यादा आहे. सुईच्या आघाताने कड चेपली जायची, तर धातूचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ असला, की आतल्या वायूचा दाब एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. दाब मर्यादित म्हणजे वेग मर्यादित आणि वेग मर्यादित म्हणजे गोळीची ऊर्जाही मर्यादित. रिमफायर दुबळे आहे ते कारखानदाराच्या काटकसरीमुळे नव्हे. त्या रचनेला त्याहून अधिक सोसतच नाही.

अशा जातीचे पहिले यशस्वी अमेरिकी काडतूस, ‘.२२ शॉर्ट’, १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने काढले. आज जगभर प्रचलित असलेले ‘.२२ लाँग रायफल’ १८८७ मधील आहे. ‘.२२’ हा आकडा इंचाच्या बावीस शतांश भागाचा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा निर्देश करतो. आपल्याकडे बोलताना त्याला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, किंमत तुलनेने थोडी. या गुणांमुळे नवशिक्यापासून ऑलिंपिकवीरापर्यंत सर्वांच्या हाती हेच काडतूस आले. खारी, ससे आणि उंदीर यांसारख्या लहान प्राण्यांसाठी पाश्चात्त्य देशांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. प्रश्न उद्भवतो तो सशाहून चार-पाच पट जड प्राण्यासमोर.

आकडे काय सांगतात?

‘.२२ लाँग रायफल’च्या प्रचलित गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असते. वेगवान प्रकारातील गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने निघते. त्या क्षणी तिची ऊर्जा १९० ज्यूलच्या आसपास भरते. शंभर मीटरवर पोहोचेपर्यंत वेग सेकंदाला ३०० मीटरच्या जवळ येतो आणि ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास उतरते. तुलनेसाठी, अमेरिकेत कायोटीसाठी सर्रास वापरले जाणारे ‘.२२३ रेमिंग्टन’ हे सेंटरफायर काडतूस घेऊ. त्याची गोळी जवळपास त्याच व्यासाची आणि वजनाने केवळ एका ग्रॅमने अधिक असते. पण तिची आरंभीची ऊर्जा १,७०० ज्यूलच्या वर जाते. व्यास तोच, ऊर्जा नऊपट. ‘दोन्ही बावीसच की’ असे म्हणणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

याच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत. १९५९ मध्ये बाजारात आलेले ‘.२२ मॅग्नम’ हेही रिमफायरच. मात्र नळकांडी लांब, दारू अधिक आणि ऊर्जा सुमारे ४२० ज्यूल. २००२ मधील ‘.१७ एचएमआर’ची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची; ती अतिशय वेगवान, सुमारे ३३० ज्यूल ऊर्जेची आणि सरळ जाणारी असते. परंतु हलकी असल्याने ती आत खोलवर न शिरता वरच्यावरच फुटण्याचा धोका राहतो.

ऊर्जेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीचा मार्ग. पन्नास मीटरवर नेम बसवलेली पॉइंट टू-टूची गोळी शंभर मीटरवर सुमारे १५ ते १८ सेंटिमीटर खाली येते. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा असेल, तर त्याच अंतरावर ती दहा सेंटिमीटरहून अधिक बाजूला सरकते. कोल्ह्याच्या छातीतील हृदय-फुप्फुसाचा भाग अवघा दहा-बारा सेंटिमीटरचा असतो. म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला किंवा वाऱ्याची झुळूक आली, तर गोळी पोटात, जबड्यात किंवा पायात लागते.

वेळेचा हिशेबही असाच आहे. शंभर मीटर अंतर कापण्यास या गोळीला सुमारे तीन दशांश सेकंद लागतो. सावकाश चालणारा कोल्हा तेवढ्या वेळात एक फुटाहून अधिक पुढे सरकतो आणि दुडक्या चालीने जाणारा तर जवळजवळ तीन फूट. चाप ओढताना नेम जेथे होता, तेथे गोळी पोहोचेपर्यंत छाती उरलेली नसते.

‘नेम अचूक असेल तर’

लहान काडतुसाच्या समर्थकांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : गोळी केवढी आहे याला महत्त्व नाही, ती कोठे लागते याला आहे. हे म्हणणे खोटे नाही. तीस-चाळीस मीटरवर, स्थिर उभ्या असलेल्या प्राण्याच्या मेंदूत लागलेली पॉइंट टू-टूची गोळी त्याला तत्काळ ठार करते. सापळ्यात अडकलेल्या प्राण्याला जवळून मारण्यासाठी अमेरिकेत हेच काडतूस वापरले जाते. त्यामुळे ‘या गोळीने कायोटी मरतो का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘होय, मरू शकतो’ असेच आहे.

परंतु ‘मारू शकते’ आणि ‘पुरेशी आहे’ यांत मोठे अंतर आहे. पुरेसेपणाची कसोटी सर्वोत्तम क्षणी लागत नाही. ती सामान्य क्षणी लागते. वेगवान रायफलीच्या गोळीने आजूबाजूच्या ऊतींनाही मोठी इजा होते. त्यामुळे नेम दोन-तीन सेंटिमीटर चुकला तरी प्राणी बहुधा जागीच कोसळतो. पॉइंट टू-टूची गोळी शरीरात एक अरुंद वाट पाडते. ती वाट हृदयातून, मोठ्या रक्तवाहिनीतून किंवा मेंदूतून गेली तरच मृत्यू लवकर येतो. खांद्याच्या हाडावर ती अडू शकते. पोकळ टोकाची गोळी फुलते खरी, पण फुलण्यात तिची मुळातच थोडी असलेली ऊर्जा खर्च होते आणि ती खोलवर शिरत नाही. भरीव गोळी खोल जाते, पण जखम बारीक करते. एका बाजूचे सावरताना दुसरी बाजू सुटते.

परिणामी, चुकलेल्या नेमाचा कोल्हा मरत नाही, पळतो. बोरी-बाभळीच्या झुडपात शिरतो, नाल्यात उतरतो, रात्रीच्या अंधारात दिसेनासा होतो. पोटात जखम असेल तर मृत्यूस अनेक तास, कधी दिवसही लागतात. जबडा मोडलेला प्राणी उपासमारीने मरतो. मादी असेल तर बिळातल्या पिलांचाही प्रश्न निर्माण होतो. ‘गेला, पण लागली नक्की’ असे बंदूकधारी समाधानाने म्हणतो, तेव्हा त्या वाक्याच्या मागे हे सारे असते.

म्हणूनच ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तेथेही काडतुसाची किमान पात्रता कायद्याने ठरवण्याची प्रथा पडली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने मोठ्या जातीच्या हरणांसाठी किमान व्यास आणि किमान ऊर्जा, सुमारे २,३०० ज्यूल, निश्चित केली आहे. रिमफायर तेथे आपोआप बाद होते. कोल्ह्याच्या आकाराच्या प्राण्याला एवढी ऊर्जा लागत नाही, हे उघड आहे. पण त्या नियमामागील तत्त्व येथेही लागू पडते : प्राण्याचा मृत्यू निशाणबाजाच्या नशिबावर सोपवू नये.

सर्व बाजूंचा विचार केल्यास तांत्रिक निष्कर्ष असा निघतो. ‘.२२ लाँग रायफल’ कायोटी किंवा कोल्ह्याच्या आकाराच्या प्राण्यासाठी सर्वसाधारण परिस्थितीत अपुरे आहे. अगदी जवळच्या अंतरावर आणि कसलेल्या हातीच ते चालते. ‘.२२ मॅग्नम’ त्याहून बरे, पण शंभर मीटरच्या आतच. त्यापुढे रिमफायर कुळाचा विचारच करू नये.

महूचा धडा

कसलेला हात म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून महूकडे पाहू. तेथील लष्कराच्या नेमबाजी पथकात घडलेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक जिंकले. या प्रकारात पॉइंट टू-टूच वापरतात. मराठी वाचकाला तर या काडतुसाची आणखी जवळची ओळख आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. ही सर्व पदके याच छोट्या गोळीची आहेत.

या स्पर्धांतील ५० मीटरच्या लक्ष्यपटावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याभोवतीचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण कोल्ह्याच्या छातीतील मर्मस्थानाएवढाच. कोणी म्हणेल, मग काळ्या गोलात गोळी मारणे कितीसे कठीण? परंतु तेथे अंतर मोजलेले असते, प्रकाश पुरेसा असतो, वारा दाखवणारी निशाणे लावलेली असतात, विशेष जाकीट आणि वर्षांचा सराव असतो आणि लक्ष्य जागचे हलत नाही. शेताच्या बांधावर यांपैकी एकही गोष्ट नसते. अंधार असतो, बॅटरीचा हलता झोत असतो, धाप लागलेली असते आणि समोरचा प्राणी उजेड पडताच मान वळवून निघतो.

पॉइंट टू-टूची कीर्ती अचूकतेची आहे आणि ती रास्त आहे. मात्र ही अचूकता बंदूक, माणूस आणि परिस्थिती या तिघांची मिळून असते. त्यांतील दोन काढून घेतले आणि केवळ बंदूक शेतात नेली, तर कीर्ती मागेच राहते.

लहान गोळी, मोठा धोका

या काडतुसाविषयीचा आणखी एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. आवाज लहान आणि धक्का नगण्य असल्याने ते खेळण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हवेत कोनात झाडलेली पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. शिवाय ती शिशाची, जड आणि तुलनेने मंद असल्याने कठीण पृष्ठभागावर आपटून फुटण्याऐवजी उसळते. दगड, पाण्याचा पृष्ठभाग, गोठलेली किंवा वाळून टणक झालेली जमीन यांवरून ती अनपेक्षित दिशेने जाते. माळव्यातील उन्हाळ्यात तडकलेली काळी जमीन असो वा गोव्यातील जांभ्याचा सडा, दोन्ही ठिकाणी हा धोका आहे. गोव्यासारख्या दाट वस्तीच्या राज्यात बागायतीच्या पलीकडे बहुधा कोणाचे तरी घर किंवा पायवाट असतेच.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे म्हणजे एअरगनचेही तेच. आपल्याकडे २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे ‘हाकलण्यापुरती’ म्हणून ती घेतली जाते. वीस ज्यूल म्हणजे पॉइंट टू-टूच्या ऊर्जेचा जेमतेम नववा भाग. तिने कोल्हा मरणार नाही. डोळा फुटेल, जखम चिघळेल. आणि वन्यप्राण्याला जखमी करणे हेही कायद्याच्या भाषेत ‘शिकार’च आहे.

शिशाचा प्रश्न वेगळाच. मारलेला प्राणी शेतातच पडून राहिला आणि गिधाडे, घारी किंवा इतर प्राण्यांनी तो खाल्ला, तर शिशाचे सूक्ष्म तुकडे त्यांच्या पोटात जातात. शिशाची ही विषबाधा जगभर मृतभक्षी पक्ष्यांच्या मृत्यूचे एक ज्ञात कारण आहे.

भारतीय कायद्याने दिलेले उत्तर

अमेरिकेत हा वाद काडतुसाचा आहे. भारतात तो मुळातच निकाली निघालेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे, विष घालणे, सापळा लावणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व येते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या फेरमांडणीत सोनेरी कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि गव्याच्या पंक्तीत आला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास, तसेच किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

या अनुसूचीतील प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तीही प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा रोगग्रस्त असेल तरच. पिकाचे किंवा कोंबड्यांचे नुकसान हे कारण तेथे चालत नाही. रानडुकरासारख्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी पीक-नुकसान हे कारण कायद्यात आहे, कोल्ह्यासाठी नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌हेतूने प्राणी मारावा लागला, तर तो मात्र गुन्हा ठरत नाही.

येथे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील एक तरतूद लक्षणीय आहे. कलम १३ मध्ये कोणत्या शस्त्राचा परवाना कोणत्या हेतूने द्यावयाचा, हे सांगितले आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची अन्य बंदूक. पॉइंट टू-टू रायफलचा उल्लेख मात्र मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यसराव करण्यासाठी असा आला आहे. इतर हेतूंसाठी परवाना हवा असेल, तर सबळ कारणाबाबत अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. अर्थात ‘पॉइंट टू-टू कशासाठी?’ या प्रश्नाला भारतीय कायदेमंडळाने पासष्ट वर्षांपूर्वीच उत्तर दिले होते : कागदी लक्ष्यासाठी. तांत्रिक निष्कर्ष आणि कायदा येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असणे म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा, हा समजही दुरुस्त करायला हवा. पहिली गोष्ट शस्त्र बाळगण्याची, दुसरी वन्यजीव कायद्याची. एका परवान्याने दुसऱ्याची गरज संपत नाही. याखेरीज ‘गीदडसिंगी’ किंवा कोल्ह्याचे शिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूचा उल्लेख येथे करावा लागतो. कोल्ह्याला शिंग नसते. भाग्य उजळण्याच्या आशेने विकत घेतली जाणारी ही वस्तू म्हणजे केस आणि कातडीचा बनाव असतो आणि तिच्यापायी खरे कोल्हे मारले जातात.

मारून प्रश्न सुटतो का?

समजा, काडतूस पुरेसे मिळाले आणि कायद्याचीही हरकत नसती, तर? याचे उत्तर अमेरिकेनेच दिले आहे. तेथील केंद्रीय यंत्रणा अनेक वर्षे दरसाल साठ हजारांहून अधिक कायोटी मारत आली. खासगी शिकाऱ्यांनी मारलेले वेगळेच. तरीही विसाव्या शतकात कायोटी पश्चिमेच्या माळरानांतून निघून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आणि दक्षिणेस पनामापर्यंत पसरला. जोडी फुटली की मोकळ्या क्षेत्रात नवे, अननुभवी प्राणी येतात. आणि अन्न मुबलक झाले की उरलेल्यांची पिले अधिक जगतात. सराईतपणे उंदरांवर जगणारी, कोंबड्यांच्या वाटेस न जाणारी जोडी मारली गेली, तर तिच्या जागी येणारी जोडी तशीच असेल याची शाश्वती नसते.

माळव्यात सोयाबीन, गहू आणि हरभऱ्याच्या शेतांना उंदीर-घुशींचा उपद्रव किती होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोल्हा त्यांच्यावर वर्षभर, विनामोबदला जगतो. गोव्याच्या खाजन शेतीतही उंदीर बांध पोखरतात. चार कोंबड्यांचा हिशेब मांडताना हे जमेचे खातेही उघडावे लागते.

मग शेतकऱ्याने काय करावे?

कोंबड्या गमावलेल्या कुटुंबाला पर्यावरणाचे पाठ देऊन भागत नाही. तोटा त्यांचा आहे आणि उपाय त्यांना परवडणारा हवा. सुदैवाने कोल्ह्याच्या बाबतीत तो आहे. कोल्हा उकरून आत शिरतो, म्हणून खुराड्याची जाळी जमिनीत फूटभर खोल पुरावी किंवा बाहेरच्या बाजूने आडवी पसरून तीवर दगड ठेवावेत. साध्या कोंबडीजाळीपेक्षा बारीक छिद्रांची, जाड तारेची जाळी घ्यावी. संध्याकाळ होण्यापूर्वी कोंबड्या आत घ्याव्यात. कोल्ह्याचा वावर मुख्यत्वे सांजसकाळी आणि रात्री असतो. शेळी-मेंढीची नवजात पिले रात्री बंदिस्त जागेत ठेवावीत.

दुसरी गोष्ट उकिरड्याची. मेलेली जनावरे, कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ मांस आणि उघड्यावरील अन्नकचरा कोल्ह्यांना आणि भटक्या कुत्र्यांना वस्तीकडे ओढतो. हे दोन्ही प्राणी एकत्र आले, की रेबीजचा धोका वाढतो. २०२४ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मृत कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता. त्यामुळे राखणीच्या आणि पाळीव कुत्र्यांना लस टोचून घेणे हा कोल्ह्यापासूनच्या संरक्षणाचाच भाग समजावा. कोल्हा दिवसाढवळ्या निर्भयपणे माणसाच्या अंगावर येत असेल, अडखळत चालत असेल, तर त्याच्या वाटेस न जाता वन विभागास कळवावे. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.

ऊस, मका किंवा टरबुजाच्या पिकासाठी रात्रीची राखण, जागा बदलत लावलेले दिवे आणि आवाज हे जुने उपाय कामी येतात. मात्र एकच उपाय सतत केला तर कोल्हा त्याला सरावतो. वीजप्रवाह सोडलेल्या उघड्या तारा मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नयेत. त्यांनी कोल्ह्याआधी शेजारच्या शेतकऱ्याचा बळी जातो.

रालामंडलच्या शिकारगाहात आता पर्यटक जातात आणि महूमध्ये पॉइंट टू-टूची गोळी कागदावर लागते. दोन्ही वस्तूंना त्यांची योग्य जागा मिळाली आहे. सशासाठी घडलेले आणि खेळाने मोठे केलेले हे काडतूस कोल्ह्यापुढे तांत्रिकदृष्ट्या अपुरे आहे, शेतात धोकादायक आहे आणि आपल्या देशात बेकायदेशीर आहे. कोंबड्या वाचवायच्या असतील, तर त्या काडतुसांच्या खर्चात मजबूत जाळी येते आणि तिला नेम धरावा लागत नाही.